चंद्र नसता तर पृथ्वीवर काय बदललं असतं? विज्ञान प्रदर्शनासाठी खात्रीची माहिती आणि चालतं मॉडेल हवं आहे

येरळाकाठ (तासगाव)

नमस्कार मंडळी. नववीच्या चार मुली तालुका विज्ञान प्रदर्शनात "चंद्र नसता तर" हा विषय मांडणार आहेत. मुलींनी मोबाईलवरून मुद्दे गोळा केलेत: भरती-ओहोटी बंद पडेल, पृथ्वी कलंडेल, दिवस आठ तासांचा होईल, रात्री काळ्याकुट्ट होतील, प्राणी मरतील. परीक्षक हमखास विचारणार, "हे कशावरून?" आणि तिथे पंचाईत होणार.

यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती? थर्माकोलचे गोळे टांगलेलं मॉडेल नको आहे. हाताने चालवून दाखवता येईल असं काही सुचवा. खर्च हजाराच्या आत बसावा. शिवाय आपल्या सांगलीला समुद्र नाही, मग "आपल्याकडे काय फरक पडेल" यावरही दोन गोष्टी सांगता आल्या तर मुलींना बोलायला सोपं जाईल.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, आधी मुलींना एक गोष्ट पक्की करायला सांगा. "चंद्र आज रात्री नाहीसा झाला" आणि "चंद्र कधी नव्हताच" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोबाईलवर सापडणारे बहुतेक लेख हे दोन्ही एकत्र कालवतात, म्हणून मुद्दे एकमेकांशी जुळत नाहीत. आज नाहीसा झाला तर उद्याचा दिवस २४ तासांचाच असेल, पृथ्वीच्या अक्षाचा कलही २३.४ अंशांवरच असेल. बदलतील त्या भरती, रात्रीचा उजेड आणि पंचांग. दिवसाची लांबी आणि अक्ष हे लाखो-कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात येतात. पोस्टरचे सरळ दोन भाग करा.

आता भरती. ती बंद पडणार नाही, कारण सूर्यही पाणी ओढतो. किती, ते मुलींना स्वतः काढता येईल. भरतीची ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या २.७१ कोटी पट. सूर्याचं अंतर चंद्राच्या ३८९ पट, त्याचा घन ५.८९ कोटी. २.७१ भागिले ५.८९ म्हणजे ०.४६. चंद्राची ओढ १ धरली तर सूर्याची ०.४६. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही एका रेषेत, म्हणून १.४६, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला एकमेकांशी काटकोनात, म्हणून ०.५४, ती भांग. चंद्र वजा केला की रोज ०.४६, म्हणजे आजच्या भांगेपेक्षा किंचित कमी आणि उधाणाच्या जेमतेम एक तृतीयांश. "भरती बंद" हे वाक्य काढून हे लिहायला सांगा. इथे बेरीज-वजाबाकी फळ्यावर करून दाखवणाऱ्या मुलीला परीक्षक अडवू शकत नाहीत.

हेच आलेखावर फार छान दिसतं. संगणकावरच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात ० ते ७२० तास, एकेक तासाने. दुसऱ्यात चंद्राची लाट: उंची १, आवर्तन १२.४२ तास. तिसऱ्यात सूर्याची: उंची ०.४६, आवर्तन १२ तास. चौथ्यात बेरीज. चौथा रकाना वर आणि तिसरा त्याखाली असे आलेख छापा. वरचा आलेख फुगतो-आक्रसतो, खालचा महिनाभर एकाच उंचीने चालतो. गडबड दोन ठिकाणी होते. एक, लाट काढायला जे कोसाइन वापरतो त्याला अंश दिले जातात. संगणकाला रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात, नाहीतर नुसता केरकचरा उमटतो. दोन, १२.४२ ऐवजी सोयीसाठी १२.५ घेतात. मग दोन उधाणांमधलं अंतर १४.८ दिवसांऐवजी १२.५ दिवस येतं आणि पंचांगाशी मेळच बसत नाही. दशांशानंतरचे दोन्ही आकडे तिथे महत्त्वाचे आहेत.

खाजणवाट

वरच्यात एक भर. चंद्र गेला की भरतीची उंची कमी होतेच, पण वेळही गोठते. आज भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण एका दिवसात चंद्र पुढे सरकलेला असतो. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, अष्टमीला सहा. मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. नुसता सूर्य असेल तर भरती वर्षभर त्याच त्या घटकेला, बारा तासांच्या अंतराने.

मुंबईत उधाणाला पाण्याच्या पातळीत आज साडेतीन-चार मीटर, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. चंद्राशिवाय तो मीटर-सव्वा मीटरवर येईल. मग खाडीच्या कडेचा जो पट्टा दिवसातून दोनदा बुडतो आणि उघडा पडतो, तो अगदी चिंचोळा होईल. तिवरं, कालवं, तिसऱ्या, चिखलातले खेकडे आणि त्यांच्यावर जगणारे पाणपक्षी यांची जागाच आकसेल. "प्राणी मरतील" असं मोघम लिहिण्यापेक्षा हा एक पट्टा घ्या आणि त्याचं काय होतं ते नीट दाखवा.

खोल समुद्राचाही प्रश्न आहे. भरतीचं पाणी समुद्रतळाच्या डोंगरांवर आदळून वरचं ऊबदार आणि खालचं थंड पाणी घुसळलं जातं. खोल पाणी घुसळायला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा भरतीचा असावा, असा अंदाज १९९८ साली समुद्रशास्त्रज्ञ मंक आणि वुन्श यांनी मांडला. उरलेलं काम वारा करतो. म्हणजे चंद्र गेला तर समुद्राचे प्रवाह थांबणार नाहीत, पण बदलतील.

अजिंक्यतारा_नभ (सातारा)

अक्षाबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त अतिशयोक्ती तिथेच होते. चालतं मॉडेलही याच मुद्द्यावर करा.

पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगलेली आहे. त्या फुगवट्याला चंद्र आणि सूर्य ओढतात, म्हणून अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश गरगरतो. एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. यात चंद्राचा वाटा साधारण दोन तृतीयांश, सूर्याचा एक तृतीयांश. चंद्र काढला तर फेरी मंदावून सुमारे ८० हजार वर्षांची होईल. आता यात बिघडलं काय? गुरू, शुक्र वगैरे ग्रहांच्या ओढीने पृथ्वीची कक्षाही हलकेच डोलत असते, आणि त्या डोलण्याचे काही ताल याच टप्प्यातले आहेत. झोपाळ्याला त्याच्याच तालात ढकललं की तो वाढत जातो, तसं अक्षाचं होतं. आज चंद्रामुळे पृथ्वीची फेरी या तालांपेक्षा बरीच वेगवान आहे, म्हणून अक्ष ४१ हजार वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या मध्येच राहतो. मंगळाला मोठा चंद्र नाही. त्याचा कल आज २५ अंश आहे, पण लाखो-कोटी वर्षांत तो कितीतरी खाली-वर झालेला आहे.

पॅरिसच्या जाक लास्कार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली गणित मांडलं की चंद्राशिवाय पृथ्वीचा कल ० ते ८५ अंशांपर्यंत कुठेही भटकू शकतो. "पृथ्वी कलंडेल" हे तिथूनच पसरलं. पण २०१२ साली लिसॉर, बार्न्स आणि चेंबर्स यांनी दीर्घ काळाची प्रारूपं चालवून पाहिली, तेव्हा कल कोट्यवधी वर्षं बऱ्यापैकी मर्यादेत राहताना दिसला. भटकतो, पण फार सावकाश. मुलींनी दोन्ही सालं लिहावीत. मला विचाराल तर पोस्टरवर "अक्ष अस्थिर होईल, पण कोट्यवधी वर्षांच्या ओघात" एवढंच विधान ठेवा.

आपल्याकडे काय, तर सांगलीचं अक्षांश सुमारे १६.८५ अंश. आज मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी जाते. सर्वात मोठा दिवस तेरा तासांचा. कल १० अंशांवर आला तर सूर्य सांगलीच्या डोक्यावर कधीच येणार नाही. जमीन उन्हाळ्यात आजइतकी तापणार नाही आणि तापलेल्या जमिनीच्या जोरावर येणारा मान्सून ढिला पडेल. कल ४५ झाला तर मोठा दिवस सव्वाचौदा तासांच्या पुढे. ७३ अंशांच्या पलीकडे गेला तर उन्हाळ्यात काही दिवस सांगलीत सूर्य मावळणारच नाही. ऊस, द्राक्ष, ज्वारी, सगळ्याचा हंगाम ज्या ऋतूंवर उभा आहे, ते ऋतू म्हणजे हा एक कोन.

आता मॉडेल. लागणाऱ्या वस्तू: सायकलचं पुढचं चाक टायर-ट्यूबसकट, मागे उभं राहायला लावतात तसे दोन लोखंडी पेग, पाच-सहा फूट पातळ नायलॉन दोरी, वाळूची पिशवी आणि एक मजबूत आडवा बांबू किंवा पाईप. चाक जुनं घेतलं तर हजारात सहज बसेल. टायर काढू नका. कडेला वजन असलं तरच चाक नीट तोल धरतं.

पेग आसाच्या दोन्ही टोकांना घट्ट बसवा. एका पेगला, अगदी नटाच्या जवळ, दोरी बांधून चाक टांगा. चाक उभं धरा, म्हणजे आस आडवा राहील. जोरात फिरवा आणि दुसरं टोक हळूच सोडा. चाक खाली पडत नाही, दोरीभोवती आडवं फिरू लागतं. हीच अक्षाची गरगर. आता चाकाचं जेवढं वजन भरेल तेवढीच वाळू पिशवीत भरा आणि दुसऱ्या पेगच्या मुळाशी करकचून बांधा. वजन तेवढंच, पण दोरीपासूनचं अंतर दुप्पट, म्हणून तिची ओढ चाकाच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट होते. चाकाचं वजन म्हणजे सूर्य, वाळूची पिशवी म्हणजे चंद्र: एकास दोन, प्रत्यक्षातल्या प्रमाणाच्या अगदी जवळ. पिशवी असताना फेरी तिप्पट वेगाने होईल. चाक दोन किलोचं, सेकंदाला तीन फेरे आणि दोरी मध्यापासून सहा सेंटीमीटरवर धरली, तर पिशवीसकट चार-पाच सेकंद आणि पिशवीशिवाय बारा-तेरा सेकंद असं गणिताने येतं. पिशवी सोडली की "चंद्र गेला", आणि गरगर मंदावलेली सगळ्यांना डोळ्यांनी दिसते.

माणदेशी (आटपाडी)

रात्रीच्या उजेडाचं सांगतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर साधारण पाव लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. अर्ध्या चंद्राचा निम्मा पडत नाही, दहावा-बारावा हिस्साच पडतो, कारण तेव्हा चंद्रावरच्या खडबडीत जमिनीच्या सावल्या आपल्याला दिसतात. चंद्रच नसेल तर नुसत्या चांदण्यांचा उजेड लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास.

हे मेणबत्तीवर दाखवता येतं. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स. दोन मीटरवर पाव लक्स, म्हणजे पौर्णिमा. साडेसहा मीटरवर अर्धा चंद्र. चंद्र नसलेल्या रात्रीसाठी मेणबत्ती तीस मीटर लांब न्यावी लागेल. कागदावर ठळक अक्षरं आणि लाल-हिरवे कपटे चिकटवा: दोन मीटरवर अक्षरं वाचता येतात, रंग मात्र धड ओळखू येत नाहीत. प्रयोग फसतो तो घाईमुळे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच कुणी मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून. त्यामुळे प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हे जमणार नाही. आधी शाळेत करून नोंदी आणि फोटो लावा. सांगली-मिरज-कुपवाडच्या आसपास बाहेर करू नका, तिथे दिव्यांच्या उजेडानेच आकाश उजळलेलं असतं. जतकडे किंवा आमच्याकडे वस्तीपासून लांब करा.

आपल्या भागाचं उदाहरण हवं असेल तर उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे घ्या. वळवाचा दमदार पाऊस झाला की संध्याकाळी ते जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर बसतात. ऊस पट्ट्यात त्यासाठी प्रकाश सापळा लावतात: दिवा, खाली पाण्याची पाटी, पाण्यात थोडं रॉकेल, साधारण साडेसात ते साडेनऊपर्यंत चालू. टपोरं चांदणं असलं की कीटक दिव्याकडे कमी येतात, कारण आजूबाजूच्या उजेडात दिवा उठून दिसत नाही. म्हणून पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात कमी सापडले तर कीड घटली असं समजायचं नाही. चंद्र नसता तर सापळा रोज सारखाच चालला असता. भुंगेऱ्यांचं बाहेर निघणं मात्र पाऊस आणि तिन्हीसांजेवर ठरतं, त्यात फरक पडला नसता.

शिकारी आणि सावज यांचाही हिशोब बदलेल. उंदीर, घुशी चांदण्यात उघड्यावर यायला बिचकतात. पांढऱ्या पोटाच्या गव्हाणी घुबडावर चांदणं पडलं की उंदरासारखे प्राणी जास्त वेळ गोठून बसतात, असं स्वित्झर्लंडमधल्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. चंद्र नसेल तर घुबडाचा हा फायदा जातो, पण ते कानावरही शिकार करतं, त्यामुळे उपाशी मरणार नाही. आफ्रिकेतला एक शेणकिडा चांदण्याच्या आधाराने सरळ रेषेत गोळा ढकलतो, हे २००३ साली कळलं. २०१३ साली कळलं की चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगेचा पट्टा पाहूनही शेणकिडे दिशा धरतात. जिवांना पर्याय असतात. मुलींनी "मरतील" ऐवजी "वागणं बदलतील" म्हणावं. प्रवाळांचं अवघड आहे, कारण त्यांच्या बऱ्याच जाती वर्षातल्या ठरावीक पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत एकदम बीज सोडतात. ती वेळ चुकली तर फलनच होणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

दिवसाच्या लांबीचं राहिलं होतं. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचा फिरण्याचा वेग कमी होतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब जातो. अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजतात. जॉन वेल्स यांनी १९६३ साली डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या बारीक रेषा मोजल्या, तेव्हा वर्षाला सुमारे ४०० दिवस निघाले. म्हणजे दिवस २२ तासांच्या आसपास. चंद्र नसता तर सूर्याचा एकट्याचा ब्रेक बराच हलका असता आणि आजचा दिवस लहान राहिला असता, वारे जास्त जोराचे असते. पण "दिवस बरोबर आठ तासांचा" हे पोस्टरवर घेऊ नका. ज्या धडकेतून चंद्र झाला असं मानतात, तिनेच पृथ्वीला सुरुवातीचा वेगही दिला असणार. धडकच वजा केली तर तो वेग कशावरून धरायचा?

कुणीतरी विचारेलच म्हणून: कृष्णेच्या पुराचा अमावास्या-पौर्णिमेशी संबंध नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत पाणी सर्वात जास्त चढलं ते ८ ते १० ऑगस्टच्या दरम्यान. त्या महिन्यात अमावास्या १ तारखेला आणि पौर्णिमा १५ ला होती. पूर आला तो घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने. चंद्राने सांगलीची जमीन मात्र खरोखर उचलली जाते, दिवसातून दोनदा, फूटभराच्या आसपास. सगळा परिसर एकदम वर-खाली होत असल्याने जाणवत नाही. अचूक सर्वेक्षणात ही दुरुस्ती करावी लागते.

वेण्णा_माहुली (सातारा)

पंचांगाचा मुद्दा सोडू नका, गावाकडच्या माणसाला तोच सर्वात जवळचा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्याचा काळ. चंद्र नाही तर तिथी नाही, संकष्टीचा चंद्रोदय नाही, आषाढी एकादशी नाही. बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे, म्हणून ऋतूंशी मेळ घालायला अधिक महिना लागतो: २०२३ साली अधिक श्रावण, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. माउलींची पालखी लोणंद-फलटणला कधी पोचते ते इंग्रजी तारखेने दरवर्षी बदलतं, ते यामुळेच. मकर संक्रांत मात्र सूर्यावर आहे, ती राहील. २२ मार्च १९५७ पासून चालू झालेली आपली राष्ट्रीय दिनदर्शिकाही सूर्यावरच आहे, तिच्यात काडीचाही फरक पडणार नाही.

ग्रहणंही गेली असती. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी मिरजेपासून फार लांब नसलेल्या जमखंडीहून पाहिलं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्या ग्रहणात वर्णपटावरून कळलं, आणि हेलियमच्या शोधाची सुरुवातही तिथूनच झाली. सांगलीच्या मुलींनी जमखंडीचं नाव जरूर घ्यावं.

येरळाकाठ (तासगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुली चाकाचं मॉडेल करायला घेत आहेत. अजिंक्यतारा सर, दोन शंका. पहिल्या चाचणीत पिशवी काढल्यावर गरगर मंदावायला हवी होती, पण सुरुवातीला थोडी मंद दिसून नंतर ती वेगवान होत गेली. आणि पिशवी लावल्यावर चाक वर-खाली हिंदकळतं. काय चुकतंय?

अजिंक्यतारा_नभ (सातारा)

पहिल्याचं कारण चाकाचा फिरण्याचा वेग. चाक हळू पडलं की गरगर वाढते. तुम्ही त्याच फिरक्यात पिशवी काढून पुढे मोजत राहिलात, तेवढ्यात चाक मंद झालं. पिशवीसह आणि पिशवीशिवाय असे दोन स्वतंत्र फेरे घ्या. दोन्ही वेळा चाकाच्या कडेला तेवढीच, दीड मीटर सुतळी गुंडाळून एकाच मुलीने तितक्याच जोराने ओढावी, आणि वेळ फक्त पहिल्या फेरीची घ्यावी. हबचे गोळे जुने असतील तर ग्रीस भरून घ्या.

हिंदकळण्याची कारणं दोन. पिशवी लोंबकळत असेल तर ती स्वतंत्र झोके घेते. पेगला चिकटून, दोन जागी बांधा. आणि टोक झटक्यात सोडू नका. चाक ज्या दिशेने फिरणार आहे त्या दिशेने हलकेच ढकलत सोडा. दोरीला दोन-तीन फेऱ्यांत पीळ बसतो आणि तो उलटा जोर लावतो, म्हणून प्रत्येक वेळी पीळ उलगडून घ्या, किंवा मासेमारीच्या सामानात मिळणारी फिरती कडी दोरीत बसवा, वजन झेपेल अशी जाड बघून. बांबू टेबलाला बांधू नका, टेबल हलतं. दोन बाजूंना बेंच ठेवून त्यावर आडवा टाका. चाकापासून दोन फुटांवर दोरी लावून माणसं लांब ठेवा, आणि चालवणाऱ्या मुलीची ओढणी, वेणी बांधलेली असू द्या, आऱ्यांत अडकायला क्षण लागत नाही.